जावा-जावांची पहिली ट्रायथलॉन: एकत्र करायची की आपापली?

धाकटी_सांगलीकर

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी ३६, सांगलीत राहते. माझी मोठी जाऊ ४७. आम्ही दोघींनी कोल्हापूरला राजाराम तलावावरच्या ट्रायथलॉनला स्प्रिंटमध्ये नाव दिलंय, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. पैसे भरून झालेत आणि परत मिळत नाहीत, तेव्हा "आधी नीट विचार करा" हा सल्ला सोडून बाकी सगळं चालेल :)

आता अडचण. मी पळते, दहा किमी आरामात होतं, पण पोहणं म्हणजे फक्त स्विमिंग टँक, तेही खाली फरशी दिसली तरच जीव शांत. ताईचं (जाऊबाईंना मी ताईच म्हणते) बरोब्बर उलटं आहे. तिचं माहेर पलूस तालुक्यात नदीकाठी, लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून दिलेली बाई ती, तासभर पाण्यात राहील आणि वर येऊन चहा टाकेल. पण डोकं कायम पाण्याबाहेर आणि हात मारायची पद्धत अशी की टँकवरच्या सरांनी बघितलं आणि काही न बोलता दुसरीकडे गेले. सायकल तिने शाळा सुटल्यापासून चालवली नव्हती, आता भाच्याची एमटीबी (जाड टायरवाली माउंटन बाइक) घेऊन शिकतेय, गिअर बदलायचा म्हटलं की थांबते, खाली वाकून बघते आणि मग बदलते. पळणं म्हणजे जोरात चालणं.

घरी सगळ्यांनी गृहीत धरलंय की आम्ही दोघी पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडीनेच जाणार. ताईपण म्हणते तू पुढे पळू नकोस हं. पण पाण्यात तर तीच पुढे जाणार आणि मी मागे एकटी, नंतर सायकलवर मी पुढे आणि ती मागे एकटी. मग एकत्र म्हणजे नक्की कसं? कुणी थांबायचं, कुठे थांबायचं, आणि थांबलेलं चालतं का मुळात?

अजून दोन गोष्टी: एक म्हणजे ताई स्विमिंग कॉस्च्युम घालून सायकलवर बसायला अजिबात तयार नाही, काय घालावं? आणि दुसरं, उघड्या पाण्याचा सराव कुठे करायचा, ताई म्हणते माहेरी चल, नदीत करू.

---

नादखुळा_कोल्हापूर

जावा जावा मिळून?? नाद खुळा! आमच्या घरात दोन जावा एका गॅसवर चहा करत नाहीत.

ते नदीचं मात्र डोक्यातनं काढून टाका वहिनी. पलूसकडं म्हंजे भिलवडी-औदुंबरचा पट्टा आला, तिथं कृष्णेत मगरी हायत हे तुम्हा सांगलीकरांना मी सांगायला पायजे का. तुमच्या जाऊबाई पोहायच्या त्या काळात लोक काय करत होते ते सोडा, आता काठावर कपडे धुवायला बसलेल्यालाबी धोका असतोय. एखाद्या रविवारी सरळ कोल्हापूरला या, ओळखीतला पोहणाऱ्यांचा ग्रुप बघा आणि त्यांच्यासोबतच राजाराम तलावात उतरा. एकटं-दुकटं नाही. ज्या पाण्यात स्पर्धा हाय ते पाणी एकदा तरी आधी बघितलेलं बरं, हिरवं असतंय, खालचं काय दिसत नाही, टँकची सवय असलेल्या माणसाला तिथंच धडकी भरती.

---

पेडलपुराण

एमटीबी चालते, स्प्रिंटला कोणीही अडवत नाही, फक्त जाड काट्यांचे टायर असतील तर गुळगुळीत टायर घालून घ्या, तेवढ्यात बराच फरक पडतो. सीटची उंची बघा. ९० टक्के लोक सीट खाली ठेवून चालवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून रडतात. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळपास सरळ, गुडघ्याला किंचित बाक. हँडलच्या टोकांना बुचं आहेत ना बघा, उघडी नळी असेल तर चेकिंगला परत पाठवतात. गिअरचं म्हणाल तर पुढचे, म्हणजे पेडलपाशी असतात ते गिअर विसरून जायला सांगा, मधल्यावर ठेवून द्या आणि फक्त उजव्या हाताचा वापरायचा, चढ सुरू व्हायच्या आधी हलका करायचा. चढावर जोर लावताना बदलला की चेन उतरते.

आता जोडीचा मुद्दा, इथे नीट वाचा कारण लोकांना माहीत नसतं. बहुतेक हौशी स्पर्धांमध्ये ड्राफ्टिंगला बंदी असते, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही. स्प्रिंट-ऑलिम्पिक अंतराला सहसा १० मीटरचं अंतर ठेवायचं आणि त्यात शिरलात तर २० सेकंदांत ओव्हरटेक पूर्ण करायचा. गप्पा मारत शेजारी शेजारी सायकल चालवणं पण त्यातच मोडतं. मार्शल मोटरसायकलवर फिरत असतात, त्यांना तुम्ही जावा आहात का बहिणी आहात याच्याशी देणंघेणं नसतं.

मदतीचंही तसंच. एकीची सायकल पंक्चर झाली तर दुसरीने ट्यूब, पंप दिलेला चालतो. पण स्वतःची सायकल, चाक, हेल्मेट किंवा बूट काढून दिले आणि देणारी स्वतः पुढे जाऊ शकली नाही, तर जागतिक नियमाप्रमाणे दोघी बाद. आणि रॅकवरून सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त अडकतात.

---

गोळ्या_औषधं

पेशाने डॉक्टर आहे, हौसेने पळतो. घाबरवायला लिहीत नाहीये पण कोणीतरी लिहायलाच हवं.

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला होता, एकूण १३५ घटना आणि त्यातल्या ९० पोहताना. लोकांना वाटतं धोका शेवटी पळताना, उन्हात, दमल्यावर. तसं नाहीये. तेव्हा ४७ वर्षांच्या ताईंनी बीपी, शुगर, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार असेल तर नक्कीच. आणि तुम्हीपण करा, ३६ म्हणजे काही कुमारवय नाही.

स्पर्धेच्या सकाळी गार पाण्यात एकदम उडी घेऊ नका. आधी उतरायला देत असतील तर उतरा, तोंड बुडवून श्वास सोडा, चारपाच मिनिटं हळू पोहा. नाहीतर काठावर निदान तोंड-मान भिजवून घ्या.

आणि थांबण्याबद्दल माझं स्पष्ट मत: पाण्यात कोणीही कोणासाठी थांबायचं नाही. दमलेल्या माणसाशेजारी तरंगत राहणं हे लाइफगार्डचं काम, त्याच्याकडे तरंगायची ट्यूब असते, तुमच्याकडे नसते.

---

बापलेक_पुणे

मी आणि माझा मुलगा (तेव्हा १९) असंच एकत्र करायला गेलो होतो. आधी काहीच ठरवलं नव्हतं, "बघू तिथे" म्हणून गेलो. तो पोरगा सायकलवर दर किलोमीटरला मागे वळून बघत होता, मला ते लांबून दिसत होतं आणि माझा संताप होत होता की अरे जा ना बाबा. संपल्यावर दोघंही चिडलेले, फोटोत पण दिसतं ते. पुढच्या वर्षी सांगून टाकलं की तू तुझी कर, मी माझी करतो, नंतर मिसळ खाऊ. ती मस्त झाली.

त्यामुळे माझं मत आपापली करा. प्रत्येकाच्या घोट्याला वेळ मोजणारी वेगळी चिप असते ती उगाच नाही.

अवांतर: ते ब्रिटनचे ट्रायथलॉनवाले ब्राउनली बंधू आठवत असतील. २०१६, मेक्सिकोत कोझुमेलला, जॉनी पहिला चालला होता आणि शेवटच्या काही शे मीटरवर उन्हाने झिंगून रस्त्यावर तोल जायला लागला, मागून मोठा भाऊ अ‍ॅलिस्टर आला, त्याने स्वतः जिंकायचं सोडून त्याचा हात खांद्यावर घेतला आणि शेवटी लाइनच्या पलीकडे अक्षरशः ढकलला. धाकटा दुसरा, मोठा तिसरा, आणि दक्षिण आफ्रिकेचा शुमन मधल्यामध्ये जिंकला. तक्रार झाली होती त्यावर, पण निकाल तसाच राहिला. आता नियमात स्पष्ट आहे की दुसऱ्या खेळाडूला धरून पुढे न्यायचं नाही. लोक अजून तो व्हिडिओ बघून रडतात, माझी बायकोपण रडली, मी म्हटलं त्या जॉनीने आधी वेग कमी केला असता तर ही वेळच आली नसती.

---

चिवला_बीच

मालवणचा. आमच्याकडे डिसेंबरात चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यात दरवर्षी टँकमधली मुलं येतात आणि पहिल्या शंभर मीटरला त्यांची तंतरते, म्हणून लिहितोय.

धाकट्या ताईंसाठी: भीती वाटणारच, ती जायची वाट बघू नका, भीती वाटल्यावर काय करायचं ते पाठ करून जा. श्वास लागला की उलटं होऊन पाठीवर पडायचं, कान पाण्यात, आकाशाकडे बघत लांब श्वास सोडायचा. घ्यायचा नाही, सोडायचा, घाबरलेला माणूस नुसता घेतच राहतो. दहावीस श्वास झाले की परत सुरू. ब्रेस्टस्ट्रोक मारला तरी चालतं, कायाक (छोटी होडी) किंवा बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) धरून विश्रांती घेतली तरी बाद करत नाहीत, फक्त तो धरून पुढे सरकायचं नाही. सुरुवातीला मधोमध घुसू नका, एसटी फलाटाला लागल्यावर जशी झुंबड उडते तशीच असते ती, लाथा बसतात, गॉगल निघतो. सगळ्यांना जाऊ द्या, एका कडेने निघा.

तुमच्या मोठ्या जाऊबाईंची मात्र काळजी करू नका. डोकं वर ठेवून पोहणाऱ्याला दिशा कायम दिसते. तुम्ही फ्रीस्टाइलवाले सहा-आठ हातांनंतर मान वर काढून बोया शोधणार, नाही काढली तर वाकडे जाणार आणि ७५० चे ८५० करणार.

कपड्यांचं: बाह्यांचा ट्रायसूट (पोहणं, सायकल, पळणं तिन्हीला चालणारा एकच सूट) मिळतो, त्यावर हवं तर घोट्यापर्यंतच्या टाइट्स. सुती काही नको. मापाचं काय ते आधी पाण्यात घालून बघा, दुकानातल्या आरशासमोर सगळंच बरोबर बसतं.

---

खर्चाचा_हिशोब

प्रवेश फी, ट्रायसूट, गॉगल, हेल्मेट, सायकलची सर्व्हिसिंग, जाणं-येणं. आमच्या आया शेतातून डोक्यावर भारे घेऊन पाच मैल चालत यायच्या, त्यांना कोणी मेडल दिलं नाही. चालू द्या.

---

धाकटी_सांगलीकर

@खर्चाचा_हिशोब आमच्या ताईच्या आईने पण वाहिलेत भारे, आणि पोरीने ट्रायथलॉनला नाव दिलं म्हणून सगळ्या गल्लीत सांगत फिरतेय ती :)

बाकी सगळ्यांचे खूप आभार, नदी रद्द. ईसीजी दोघींचा झाला, ठीक आहे. काल जेवण झाल्यावर ताईबरोबर कागद घेऊन बसले आणि हिशोब केला. धीम्यात धीमं धरलं: पोहायला शंभर मीटरला ३ मिनिटं म्हणजे २२-२३ मिनिटं, सायकल ताशी १६ ने ७५ मिनिटं, पळणं-चालणं किलोमीटरला ९ मिनिटांनी ४५, मधलं कपडे-बूट वगैरे १०. अडीच तासांच्या आसपास. आयोजकांनी दिलेली वेळ यापेक्षा बरीच जास्त आहे, म्हणजे थोडं थांबायला जागा आहे.

तर ठरलं ते असं, की पाण्यात आणि सायकलवर आपापलं, मागे बघायचं नाही. सायकल ठेवायची जागा आली की जी पुढे असेल तिने तिथे थांबायचं (ती मीच असणार) आणि पळायचे ५ किमी बरोबर. ताईने एकच अट घातलीय, बरोबर असताना "चल चल" म्हणायचं नाही. कोणाला यात काही चूक दिसतेय का?

---

पेडलपुराण

मस्त ठरवलंय. ट्रान्झिशनमध्ये (सायकल ठेवायच्या, बूट-कपडे बदलायच्या जागेत) थांबलात तर घड्याळ चालूच राहतं, बाकी कोणी काही म्हणत नाही, फक्त रॅकच्या वाटेत बसू नका.

सायकलनंतर लगेच पळायचा सराव दोघींनी करा, आठवड्यातून एकदा तरी, दहा-बारा किमी सायकल आणि उतरल्या उतरल्या दीड-दोन किमी पळणं. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत, ते पहिल्यांदा स्पर्धेत कळलं तर माणूस घाबरतो की काही मोडलं की काय. एक किलोमीटर गेला की येतात परत.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका, अडीच तासांना एनर्जी जेल-बिल काही लागत नाही. दोन तास आधी केळं, पोहे नाहीतर उपमा जे रोज पचतं ते, सायकलच्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. आणि आदल्या रात्री कोल्हापुरात आहात म्हणून तांबडा-पांढरा नको!!

---

नादखुळा_कोल्हापूर

वरच्या शेवटच्या वाक्याचा तीव्र निषेध. बाकी सगळं बरोबर.

---

बापलेक_पुणे

शेवटची लाइन हातात हात धरून ओलांडणार असाल तर आधी ब्रीफिंगला (स्पर्धेआधी आयोजक नियम सांगतात तेव्हा) विचारून घ्या. टोकियो ऑलिम्पिकच्या आधी ऑगस्ट २०१९ ला तिथेच चाचणी स्पर्धा झाली, त्यात ब्रिटनच्या दोघीजणी, लर्मंथ आणि टेलर-ब्राउन, पहिल्या-दुसऱ्या येत होत्या आणि हसत हसत हात धरून एकदम आल्या, दोघींना बाद केलं आणि फ्लोरा डफीला पहिला नंबर दिला. ते अर्थात वरच्या दर्जाच्या स्पर्धेत, हौशी लोकांना सहसा कोणी बोलत नाही, तरी विचारायला काय जातं.

---

धाकटी_सांगलीकर

झाली!!! दोघींची झाली. दोन दिवस झाले, जिना उतरताना अजून कठडा धरतेय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही, लांबलचक होणार आहे.

पाणी. चिवला_बीच काका, तुम्ही काका असाल असं धरतेय, तुमचे पाय धरायला पाहिजेत. कडेने निघाले, पहिल्या बोयापर्यंत बरं चाललं होतं आणि मग मधेच खाली बघितलं तर नुसतं हिरवं, हात पण कोपराच्या पुढे दिसेना, आणि छाती अशी आवळली की बास. पाठीवर पडले. श्वास सोडला, परत सोडला, कायाकवाला पोरगा जवळ आला आणि विचारतोय मॅडम बाहेर काढू का, मी म्हटलं नको, फक्त इथेच थांब. तो थांबला बिचारा. मग परत पालथी झाले आणि बाकीचं निम्मं ब्रेस्टस्ट्रोकने आणि निम्मं फ्रीस्टाइलने केलं. ताई तोवर कुठल्या कुठे. नंतर कळलं की ती तिच्या त्या डोकं-वर पद्धतीने सरळ रेषेत गेली आणि वाटेत एका माणसाला "अहो तुम्ही वाकडे चाललाय, इकडे या" असं सांगत होती.

मी बाहेर आले तेव्हा मला वाटलं ही एव्हाना सायकलवर असेल. तर नाही, रॅकपाशी टॉवेलवर बसलेली, आणि ओल्या पायावर टाइट्स चढवायचा प्रयत्न चाललेला. सुक्या अंगावर घरी घालून बघितल्या होत्या, ओल्यावर नाही. गुडघ्यापर्यंत आल्या आणि तिथे गुंडाळी होऊन बसली, वर जाईना, खाली येईना. शेजारच्या रॅकवरची कॉलेजातली मुलगी म्हणाली काकू, टाचेला पावडर लावा. पावडर कोणाकडे? मी माझं हेल्मेट लावलं, पट्टा लावला, ठरल्याप्रमाणे निघायला हवं होतं पण तिच्या तोंडाकडे बघून हसू आवरेना. शेवटी तिने काढून फेकल्या आणि ट्रायसूटवरच गेली, जो मांडीपर्यंतच आहे. सासूबाई, दीर, हे, भाचे सगळे बॅरिकेडच्या पलीकडे उभे होते. कोणी काही बोललं नाही. सासूबाई फक्त म्हणाल्या, "हेल्मेट घातलंस का?"

सायकलवर फार सांगण्यासारखं नाही, माझी मी गेले, तिची ती आली. यू-टर्ननंतर समोरून येताना दिसली, मधल्या गिअरवरच होती, दोन्ही हात हँडलवर घट्ट आणि मला बघून नुसती भुवई उडवली, हात सोडायची हिंमत नव्हती म्हणे.

मग मी सायकल ठेवून रॅकच्या कडेला बसून राहिले, वीसेक मिनिटं तरी गेली असतील. तो वेळ सगळ्यात कठीण, कारण एक स्वयंसेवक दर थोड्या वेळाने येऊन विचारायचा चक्कर येतेय का, अँब्युलन्सला सांगू का. मी म्हणायचे नाही हो, जाऊबाईंची वाट बघतेय. तिसऱ्यांदा त्याला खरं वाटलं. बापलेक_पुणे, तुमचं म्हणणं पटतं, एकटी गेले असते तर माझी वेळ खूप चांगली आली असती, बसल्या बसल्या मी तो हिशोबही केला. पण ती आल्यावर आम्ही निघालो आणि दोनशे पावलं पळणं, शंभर पावलं चालणं असं करत गेलो. मी एकदाही "चल चल" म्हटलं नाही. चौथ्या किलोमीटरला तीच मला म्हणाली, आता जरा चल की, किती हळू.

हात धरायचं ब्रीफिंगला विचारलं होतं, ते हसून म्हणाले खुशाल धरा. पण प्रत्यक्षात लाइन दिसल्यावर ताई सुटली ना! निकालात ती माझ्या २ सेकंद पुढे आहे. शिवाय तिच्या वयोगटात एकूण तीनच बायका होत्या त्यामुळे तिला तिसऱ्या नंबरची ट्रॉफी, आणि मला आमच्या गटात अकरावा नंबर. ट्रॉफी टीव्हीवर ठेवलीय.

---

चिवला_बीच

काकाच आहे. अभिनंदन दोघींचं. टाइट्स पाण्यात घालून बघा असं लिहिलं होतं मी वर.

---

गोळ्या_औषधं

वा! छान वाटलं वाचून. पायांना अजून दोन दिवस विश्रांती, जिना उतरताना दुखणं स्वाभाविक आहे, पण एका बाजूची पोटरी सुजली असेल, दाबल्यावर दुखत असेल तर दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

---

नवी_मुंबई_नवराबायको

सगळा धागा एका दमात वाचला. आम्ही दोघं ऑलिम्पिक अंतराचा विचार करतोय, १.५ किमी पोहणं, ४० सायकल, १० पळणं. नवऱ्याला पोहता येत नाही अजून. चार महिन्यांत होईल का?

---

पेडलपुराण

पोहता येत नाही तर ऑलिम्पिक नको, आधी टँकमध्ये न थांबता ४०० मीटर होऊ द्या. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो, आणि धाग्यात दोघांचीही वयं लिहा.